गावातच घर असताना

वाशिममध्ये आमचं स्वतःचं घर आहे. खाली बाबांचं किराणा दुकान, वर राहायच्या खोल्या. त्याच वाशिममध्ये, घरापासून सहज पायी जाता येईल इतक्या अंतरावर, मी भाड्याने फ्लॅट घेतला आणि एकटी राहायला गेले. लग्न झालं नव्हतं, बदली झाली नव्हती, घरात भांडण झालं नव्हतं. लोकांना यातलं काहीतरी एक हवं होतं. निदान भांडण तरी.

अमरावतीला मी डोळे तपासण्याची पदवी घेतली. आमच्याकडे अशा मुलीला चष्म्याची डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून थकले. निकाल लागला आणि गावातल्याच एका डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी लागली. घरी पेढे वाटले. पोरगी शिकली, परत आली, घरी राहून कमावणार, यापेक्षा चांगलं काय असतं?

मी अमरावतीला असतानाच दादाचं लग्न झालं होतं. आतली खोली त्याची आणि वहिनीची झाली, ते बरोबरच होतं. मी पुढच्या खोलीत झोपायचे. तिथेच टीव्ही, तिथेच देव, आणि दुकानात जागा नसली की साखरेची पोती आणि तेलाचे डबेही तिथेच. रविवारी मी उठायच्या आत बाबांचे दोन-तीन मित्र माझ्या अंथरुणाशेजारी चहा पीत बसलेले असायचे. कोणी मला टाकून बोलत नव्हतं, कोणी जाच करत नव्हतं. वहिनी तर माझ्यासाठी गरम पोळी ठेवायची. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे प्रत्येकाने मला याच्या उलट काहीतरी वदवून घ्यायचा प्रयत्न केला.

लहानपणी दादासोबत, मग होस्टेलवर चौघींत, मग पोत्यांसोबत. मी आयुष्यात एकदाही खोलीत एकटी झोपले नव्हते. आता माझ्याजवळ पगार होता. मला बघायचं होतं, कसं वाटतं ते.

भाड्याने जागा बघतेय, हे जेवताना सांगितलं. बाबांनी घास तसाच हातात धरला.

"कायले?"

"राहाले."

"इथं राहून नाई राह्यली का तू?"

"राहून राह्यली. पन मले माही जागा पायजे."

"मी दुकानात बसतो. गिऱ्हाईक इचारन, पोरगी कुठं गेली. मी काय सांगू?"

"सांगा, वेगळी राह्यते."

"हे काय उत्तर असते?"

ते हात धुवून खाली गेले. त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. आमचे बाबा रागावून ओरडणारे नाहीत. त्यांचा राग म्हणजे तुमच्या समोर असूनही नसल्यासारखं वागणं. आईने स्वयंपाकघरात मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "एक कर. लोकाइले सांग, घराचं काम काढलं म्हून तात्पुरती गेली."

"अन् घराचं काम झालं की?"

"मंग पाहू."

आईने देऊ केलेलं ते पहिलं खोटं. त्यानंतर मला खूपजणांनी खोटं देऊ केलं, आणि सगळ्यांनी मायेनेच.

दवाखान्याजवळ एक झेरॉक्सवाले भाऊ होते. झेरॉक्स, पॅनकार्ड, आणि सोबत भाड्याच्या जागा दाखवणं, असा त्यांचा धंदा. त्यांनी पहिल्यांदा एक बरी खोली दाखवली. घरमालक म्हातारे होते, बोलायला गोड. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. गाव विचारलं. मी म्हटलं, वाशिमच. त्यांनी गल्ली विचारली, मी सांगितली. त्यांचा चेहराच बदलला.

"घर इथंच हाय? मंग आपल्याले नाई जमनार बाई. उद्या तुह्या घरचे माह्या दारात येतीन."

बाहेर आल्यावर झेरॉक्सवाले माझ्यावरच चिडले. "तुमी खरं काहून सांगता मॅडम? रिठद गावची हाय म्हना. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून राह्यली म्हना. अभ्यासाच्या पोरीले कोनी नाई म्हनत नाई."

"अन् परीक्षा कधी देऊ?"

"देत राहाची. लोक धा-धा वर्स देऊन राह्यले."

दुसरी जागा एका बाईंची होती. त्या म्हणाल्या, वडील येऊन एकदा शब्द देऊन गेले तर देते. पगार माझा, सही माझी, आणि शब्द मात्र बाबांचा. मी म्हटलं, शब्द पायजे असन तर माहा घ्या. त्या हसल्या. लहान मुलाने मोठ्यासारखं बोललं की हसतात तसं. दवाखान्यातली माझी सोबतीण म्हणाली, आपण बहिणी आहोत असं सांगू, मी पहिल्या आठवड्यात येऊन राहीन, मग कोण बघतं. तिलाही नको म्हटलं. मी काही सत्यवचनी नाही. पण एवढं मला कळत होतं की खोटं सांगून जागा घेतली तर ती जागा त्या खोट्याची होईल, माझी नाही. रोज जिन्यात कोणी भेटलं की मला परीक्षेबद्दल बोलावं लागेल. मग पोती काय वाईट होती?

शेवटी जागा मिळाली ती एका शिक्षकांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, बदली होऊन बायको-मुलांसह कारंजाकडे गेले होते. पुसद नाक्याच्या बाजूला तीन मजली अपार्टमेंट, सगळ्यात वर त्यांचा फ्लॅट. रिकाम्या हॉलमध्ये आम्ही उभे होतो. त्यांनी गाव विचारलं तेव्हा मी सगळं एका दमात सांगून टाकलं.

"इथलीच हाय सर. घरी आई-बाबा, भाऊ, वहिनी. भांडन नाई. लगन ठरलं नाई. कोनता अभ्यास नाई. नोकरी हाय, भाडं वेळेवर देईन. मले एकटीले राहाचं हाय, म्हून जागा पायजे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून दाखवला. म्हणाले, "नगरपालिकेचं पानी आठवड्यातून एखादवेळ येते, कधी तेही नाई. वरची टाकी सगळ्याइची एकच हाय. पानी जपून वापरजो." मला वाटलं हे नकार द्यायच्या आधीचं बोलणं. ते होकाराचं होतं.

जाता जाता तेही म्हणालेच, "बिल्डिंगमंदी मी सांगून ठेवतो, माह्या मेव्हन्याची पोरगी हाय म्हून."

"नको सर. हाय तेच सांगा."

"तुले तरास होईन."

"होऊ द्या."

दादाने दुकानाच्या तीनचाकीत गादी, शेगडी आणि दोन पेट्या आणून दिल्या. बाबा गल्ल्यावर बसले होते. सामान त्यांच्यासमोरूनच गेलं आणि त्यांनी वर पाहिलं नाही. दादाने तीन जिने चढून गादी टाकली, घाम पुसला आणि म्हणाला, "दोन महिन्यांत वापस येशीन तू." मी त्याला पाणी दिलं. एकच पेला होता, त्याचं झाल्यावर मी प्यायले.

पहिल्या दिवशी खिचडी टाकली तेव्हा लक्षात आलं, मीठ नाही. किराणा दुकानदाराची मुलगी आणि घरात मीठ नाही. खाली उतरून कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडा घेतला. दुकानदार बाबांना ओळखत होता. "तुमच्याकडचं मीठ सरलं का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "हे माह्या घरचं सरलं." तसं म्हणायला फार बरं वाटलं. वर येऊन हॉलच्या मधोमध बसून जेवले. पंखा, मी आणि पातेलं. खिचडी जराशी लागली होती. मी सगळी संपवली.

अपार्टमेंटचे अध्यक्ष तळमजल्यावर राहायचे. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पण तो रुबाब उतरला नव्हता. नळ येण्याचा दिवस आला, खालच्या टाकीतून मोटर लावून वरची टाकी भरली. सगळ्यांच्या घरी पाणी आलं, माझा नळ कोरडा. खाली जाऊन विचारलं.

"तुमच्या फ्लॅटचं अजून ठरलं नाई," अध्यक्ष म्हणाले.

"काय ठराचं राह्यलं, काका?"

"बैठकीत पाहू."

गच्चीवरून प्रत्येक फ्लॅटला वेगळी लाइन होती आणि प्रत्येक लाइनला वेगळा व्हॉल्व्ह. माझा त्यांनी बंद केला होता. त्यात त्यांचा हिशेब सरळ होता. हिचं घर गावातच आहे. एक दिवस आंघोळीला जाईल, दोन दिवस कपडे धुवायला जाईल, तिसऱ्या दिवशी तिथेच राहील. भांडायची गरजच नाही.

मी घरी गेले नाही. पार्किंगमध्ये गाड्या धुवायचा एक नळ होता. सकाळी दवाखान्याच्या आधी मी दोन बादल्या घेऊन तिथे जायचे, भरायचे आणि तीन जिने चढायचे. अर्ध्या वाटेत थांबून हात बदलायचे. दारं उघडी असायची. बायका झाडत असायच्या, मुलं बूट घालत असायची. सगळे बघायचे. मी मुद्दाम पाणी सांडू देत नव्हते. निमित्त नको होतं कोणाला. दवाखान्यात रुग्णाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलताना माझा हात थरथरायचा. एकदा मेडशीहून आलेल्या आजींनी तो हात धरून विचारलं, "बाई, जेवली नाई का सकाळी?" मी म्हटलं, जेवली आजी, पानी भरून आली. त्या म्हणाल्या, "मंग ठीक हाय." त्यांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. मलाही मग कमी वाटायला लागलं.

पुढच्या नळाच्या दिवसापर्यंत माझा धीर संपला होता. हार्डवेअरच्या दुकानातून पाना घेतला आणि सकाळीच गच्चीवर गेले. लाइन शोधायला वेळ लागला नाही, बाकीच्या सगळ्या ओल्या होत्या, माझीच कोरडी. व्हॉल्व्ह गंजला होता. दोन्ही हातांनी जोर लावत होते तेवढ्यात अध्यक्ष वर आले, धापा टाकत.

"कोनाले इचारून हात लावला?"

"कोनालेच नाई इचारलं."

"हे सोसायटीचं हाय."

"मेंटेनन्स मी देऊन राह्यली. मंग माहंबी हाय."

"पोरीच्या जातीनं..."

तेवढ्यात व्हॉल्व्ह फिरला आणि पाइपातून पाणी धावल्याचा आवाज आला. त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. मी पाना ओढणीला पुसला आणि म्हटलं, "काका, आता पुन्हा बंद झाला तर मी पुन्हा उघडीन. तुमाले रोज चार जिने चढावे लागतीन." मी मागे हटले नाही.

रविवारी बैठक झाली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, पुरुष खुर्च्यांवर आणि बायका जिन्याच्या पायऱ्यांवर. मला कुठे बसायचं ते कोणी सांगितलं नाही. मी एक खुर्ची ओढली आणि बसले.

अध्यक्षांनी सुरुवात बऱ्या शब्दांत केली. "आमचा काही आरोप नाई. पन गावात घर असताना पोरगी एकटी काहून राह्यते, हा प्रश्न तर पडनच."

पायऱ्यांवरून दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बोलल्या. आवाज खरंच मऊ होता. "घरचे तरास देत असतीन तर सांग बाई. भेऊ नको. आमी सोबत हाओ तुह्या."

सगळ्यांचे चेहरे बदलले. सगळे माझ्याकडे दयेने बघायला लागले. मला त्या क्षणी कळलं, हो म्हटलं की सगळं मिटतंय. डोळ्यांत थोडं पाणी आणलं असतं तरी चाललं असतं. याच लोकांनी मला संध्याकाळी जेवायला बोलावलं असतं. दुःखी मुलगी त्यांना चालणार होती. सुखी मुलगी एकटी राहते हे चालणार नव्हतं.

"नाई काकू," मी म्हटलं. "माह्या घरचे चांगले हायेत. माही वहिनी तर लय चांगली हाय."

"मंग?"

"मंग काही नाई. मले एकटीले राहाले आवडते."

कोणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, "असं कसं? आमच्या पोरींवर काय परिनाम होईन?"

"कोनता होईन?"

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी सकाळी कामाले जाते, संध्याकाळी येते, सैपाक करते, झोपते. हा परिनाम होत असन तर होऊ द्या." आणि उठले. माझी खुर्ची घडी होणारी नव्हती, नाहीतर तीही घडी करून ठेवली असती, इतका जोर होता अंगात. वर जाऊन दार लावलं आणि मग मात्र बराच वेळ भिंतीला टेकून बसून राहिले.

बैठकीत काहीच ठरलं नाही. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष थेट बाबांच्या दुकानात गेले. मी तिथे नव्हते. वहिनी जिन्यात कपडे वाळत घालत होती, तिने सगळं ऐकलं आणि मला फोनवर सांगितलं.

बाबा तूरडाळ तोलत होते. अध्यक्षांनी सांगितलं, मुलीला समजावा, घरी आणा. बाबांनी पुडा बांधला, गिऱ्हाइकाला दिला आणि म्हणाले, "मी सांगून पाह्यलं. माहं नाई ऐकलं. तुमचं ऐकते का पाहा."

अध्यक्ष म्हणाले, तुम्ही वडील आहात.

"भाडं थकलं का तिचं?" बाबांनी विचारलं.

"नाई."

"काही आवाज, भांडन?"

"तसं नाई."

"मंग माह्याकडं काहून आले तुमी?"

वहिनीला वाटलं हे ऐकून मी खूश होईन. मी झालेही, पण त्याच्याआधी राग आला. जे त्या माणसाला सांगता आलं ते मला सांगता येत नव्हतं का? त्या दिवसानंतरही बाबा माझ्याशी बोलले नाहीत. मी दुकानावरून जायचे, ते पोत्यांकडे बघायचे. मग मीही वाट बदलली नाही. रोज तिथूनच जायचे.

व्हॉल्व्ह पुन्हा कोणी बंद केला नाही. काकूंनी एकदा कढीपत्ता मागायला मुलीला पाठवलं, आणि मी तिला आत बोलावून घर दाखवलं. बघण्यासारखं काही नव्हतं, तरी तिने दोन्ही खोल्या पाहिल्या आणि विचारलं, "रातच्याले भेव नाई लागत?" मी म्हटलं, पहिल्या आठवड्यात लागत होतं. आता झोप लागते.

मग एका गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी आई आली. हातात पिशवी, जिने चढून लाल झालेली. आल्या आल्या तिने डबे उघडून पाहिले, ओट्यावरून हात फिरवला, बाथरूममध्ये डोकावली. नावं ठेवायला काही सापडलं नाही म्हणून जरा नाराज झाली असावी. मग गादीच्या कडेला बसली.

"लय शांत हाय वं इथं," ती म्हणाली.

मी चहा ठेवायला गेले. परत आले तर ती कुशीवर वळून झोपली होती, पदर तोंडावर घेऊन. आमच्या घरी आईला दुपारी झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दुपारी बाबा जेवायला वर येतात आणि आई खाली गल्ल्यावर बसते. मग भांडी, मग संध्याकाळचं. मी चहा एकटीने प्यायले आणि आवाज न करता पुस्तक वाचत बसले. ती दिवेलागणीला उठली आणि घाबरली. "उठवलं काहून नाई? दुकानात कोन हाय?" चपला उलट्या घालून पळाली.

पुढच्या गुरुवारी पुन्हा आली. या वेळी पिशवी नव्हती, तपासणी नव्हती. सरळ गादीवर. त्यानंतर ती येतच राहिली. लोकांना काय सांगायचं याची आता तिला चिंता दिसत नव्हती. वहिनी म्हणते, दुपारी केस विंचरून सगळ्यांसमोर सांगते, "मी पोरीकडं चाल्ली."

अध्यक्षांनी मला जिन्यात गाठलं. पहिल्यांदाच हसून बोलले. "तुमच्या आई येऊन राह्यल्या आता. चांगलं झालं. घरच्याइचं लक्ष असलं की बिल्डिंगलेबी बरं."

"लक्ष ठेवाले नाई येत, काका. झोपाले येते."

त्यांना ते पटलं नाही. त्यांनी मान हलवली, मी वर गेले. आई येते म्हणून मी चांगल्या घरची, हा दाखला मला नको होता. मी त्याआधीही चांगल्याच घरची होते.

एका गुरुवारी फोन वाजला. बाबांचा होता. इतक्या महिन्यांनी. मी उचलला. मागे तराजूची पारडी वाजत होती.

"तुही आई तिथं हाय का?"

"हो. झोपली."

"मंग नको उठवू," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

आता आम्ही बोलतो, कामापुरतं. सरांनी करार पुन्हा करून दिला आहे. खिडकीला पडदे लागलेत, पेले सहा झालेत. बाबा अजून इथे वर आलेले नाहीत आणि मीही बोलावलेलं नाही. आले तर चहा करीन, गादीवर बसवीन. पण मी इथे का राहते, हे मात्र त्यांना पुन्हा सांगणार नाही. एकदा सांगितलं आहे.